घरघर आणि पिनियन : पारनेर परिसरातील मालमोटारीच्या मागील आसाची दुरुस्ती व तिची भाषा

: १ :

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास एक प्रवासी मोटार निघाली. तत्कालीन मुंबई प्रांताच्या सरकारी मोटार वाहतुकीची ही पहिली गाडी होय. चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे ही नावे महाराष्ट्राच्या वाहतुकीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. नगर सोडल्यावर ही गाडी ज्या माळरानातून गेली त्याचा मोठा भाग पारनेर तालुक्यात मोडतो, आणि त्या वाटेवरील सुपे हे गाव ह्याच तालुक्यातले. ज्या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, त्याच्या नैर्ऋत्येचा हा कोरडवाहू तालुका दोन मोठ्या रस्त्यांनी वेढलेला आहे. दक्षिणेस सुप्यावरून जाणारा पुणे रस्ता, आणि उत्तरेस भाळवणी व टाकळी ढोकेश्वर ह्या गावांवरून माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण रस्ता. तालुक्याचा कांदा बाहेर जातो तो ह्याच दोन वाटांनी.

वाहतुकीचा इतिहास सामान्यतः मार्ग, भाडे, कायदे आणि महामंडळे ह्यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या इतिहासाला बाध न आणता आणखी एक प्रश्न उपस्थित करता येतो. बैलगाडीच्या आसाशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या ह्या भागात मालमोटारीचा मागील आस आला तेव्हा त्याचे ज्ञान येथे कोणत्या मार्गाने रुजले, आणि ते कोणत्या शब्दांत साठविले गेले? हे ज्ञान मुख्यतः ग्रंथांतून आलेले नाही. ते हाताखाली काम करीत, गाडीखाली आडवे पडून, तोंडातोंडी आलेले आहे. अशा ज्ञानाचा पुरावा कागदावर अल्प आणि भाषेत विपुल असतो. प्रस्तुत निबंधाचा विषय हा पुरावा होय. त्याच्या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर असा : मागील आसाच्या भागांची नावे परकी राहिली, पण त्याच्या दोषांची नावे देशी झाली, आणि निदानाचा सारा भार ह्या देशी शब्दांनी वाहिला.

: २ :

बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीला जखडलेला असतो आणि दोन चाके त्याच्या दोन टोकांवर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर काटावे लागते, तेव्हा ते अधिक फेरे घेते. आतले कमी घेते. दोहोंत तंटा उद्भवत नाही, कारण गाडी ओढणारी शक्ती चाकांत नसून जुवाखाली असते. चाक हे केवळ ओढले जाणारे साधन आहे. त्याला वंगण हवे, धाव घट्ट हवी, आरे शाबूत हवेत. त्याहून अधिक त्याची अपेक्षा नाही.

मोटारीत नेमके हेच उलटते. शक्ती चाकातच उतरवावयाची असते, आणि तीही एकाच वेळी दोन अडचणी सोडवून. पहिली अडचण दिशेची. इंजिनाकडून येणारा लांब दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो. चाकांचा आस त्याच्याशी काटकोनात असतो. दुसरी अडचण वळणाची. दोन्ही चाकांना शक्ती द्यावयाची, पण दोघांना सारखेच फेरे घेण्याची सक्ती करावयाची नाही. दुसऱ्या अडचणीचे उत्तर मोटारीच्या पूर्वीच सापडले होते. ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलची योजना केली. पहिल्या अडचणीचे उत्तर म्हणजे पिनियन व क्राउन ही तिरप्या दातांच्या चक्रांची जोडी. अशी चक्रे अचूक कापणे हे फार काळ कठीण काम होते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील विल्यम ग्लीसन ह्याने १८७४ मध्ये शंकूच्या आकाराची दंतचक्रे तासणारे यंत्र बनविले. त्याच्याच कारखान्यातून १९१३ मध्ये वक्र दातांची व १९२५ मध्ये हायपॉइड पद्धतीची चक्रे कापण्याची यंत्रे निघाली. तोपर्यंत अनेक मालमोटारींची मागील चाके सायकलीप्रमाणे साखळीने फिरत असत. साखळी उघडी, धुळीने झिजणारी, आवाजी. पिनियन-क्राउनची जोडी मात्र तेलाने भरलेल्या पोलादी हौसिंगात बंद असते.

ह्या बंदिस्तपणाचे परिणाम दूरगामी झाले. बैलगाडीच्या आसाचा दोष डोळ्यांना दिसतो. मोटारीच्या आसाचा दोष हौसिंग उघडल्यावाचून दिसत नाही, आणि हौसिंग उघडणे म्हणजे गाडी एक-दोन दिवस उभी करणे. तेव्हा निदान पाहून नव्हे तर ऐकून करावे लागते. येथून पुढे हा विषय यंत्रशास्त्राचा तितकाच भाषेचा होतो.

: ३ :

ऐकून निदान कसे शक्य होते, हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. उदाहरणादाखल सहा दात्यांचा पिनियन आणि एक्केचाळीस दात्यांचा क्राउन घेऊ. पिनियनचे सुमारे ६.८३ फेरे झाले म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो. वेग तेवढ्या पटीने घटतो आणि ओढण्याची ताकद जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढते. एक्केचाळीस ही मूळ संख्या निवडण्यात हेतू आहे. सहा व एक्केचाळीस ह्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता फिरून फिरून क्राउनच्या प्रत्येक दात्यास भेटतो. झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. तथापि पिनियनचा एक दाता क्राउनच्या एका दात्यापेक्षा जवळजवळ सातपट वेळा कामास लागतो. जोडीत पिनियन सहसा आधी थकतो, त्याचे हे साधे कारण.

आता चाकाचा परीघ ३ मीटर व गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर चाक, आणि त्याबरोबर क्राउन, सेकंदाला सुमारे ३.७ फेरे घेतो. पिनियन सुमारे २५ फेरे घेतो. दात्यांच्या भेटी सेकंदाला सुमारे १५० होतात. म्हणजे एकाच पेटीतून तीन निरनिराळ्या गतींचे आवाज उत्पन्न होऊ शकतात. दात्यांची जुळणी बिघडली तर सेकंदाला १५० कंपने असलेला सलग सूर निघतो. पिनियनचा एखादा दाता तुटला तर सेकंदाला २५ आघात होतात, जे कानाला सुटे मोजता येत नाहीत. क्राउनचा एक दाता तुटला तर चारांहून कमी आघात होतात, आणि गाडी ताशी १० किलोमीटरवर आणली तर सेकंदाला जेमतेम एक. तो आघात लहान मूलही मोजू शकेल. त्या मंद वेगाने पिनियनचे आघात सेकंदाला सहा होतात. ते मोजता आले नाहीत तरी सुटे ऐकू येतात.

ह्या तीन गतींना मराठीत तीन जातींचे शब्द अगोदरच उपलब्ध होते. सलग सुरासाठी गुणगुण. जलद आघातांच्या मालिकेसाठी खडखड. आणि सुट्या, मोजता येणाऱ्या आघातासाठी नुसते ठक्. पहिल्या दोन शब्दांत ध्वनीची द्विरुक्ती आहे. तिसऱ्यात ती नाही. आघात एकेकटा ऐकू येतो तेव्हा शब्दही एकेकटा राहतो. आघात एकमेकांत मिसळतात तेव्हा शब्द स्वतःलाच दुणावतो. मराठी व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात आणि बहुधा एका परिच्छेदात त्यांची बोळवण करतात. मालमोटारीखाली मात्र ते मापनाचे साधन बनतात.

: ४ :

ह्या यंत्राचे आगमन पारनेरच्या परिसरात कोणत्या परिस्थितीत झाले, ह्याचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, लष्कराचे सान्निध्य. नगर हे जुने लष्करी ठाणे. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला तेथे स्थिरावली, आणि वाहनांचे संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही नगरलाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेल्या मोटारी देशभर विकल्या गेल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या काळाचा. जिल्ह्यातील तरुण लष्करात गेले तेही पुष्कळदा वाहनांशी संबंधित कामावर. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. ते १९६० च्या दशकाच्या आरंभी सैन्यात दाखल झाले ते वाहनचालक म्हणून, आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात ते ट्रकवर होते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांच्या टंचाईची. मुंबईत जनरल मोटर्सची जुळणी १९२८ पासून चालू होती. फोर्ड त्याच्याही आधीची. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर देशात भाग न बनविता केवळ जुळणी करणाऱ्या परकी कंपन्यांना येथे स्थान उरले नाही, आणि ह्या दोन्ही कंपन्यांनी आपला कारभार आवरला. कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. सरकारी वाहतुकीच्या आरंभीच्या ताफ्यातही शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, आल्बियन, लेलँड अशा नाना जातींच्या गाड्या होत्या, आणि प्रत्येकीचा मागील आस निराळा. १९५४ मध्ये टाटांच्या जमशेदपूर कारखान्यातून मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी निघू लागल्या, कुर्ल्यास प्रीमियरच्या डॉज व फार्गो होत्या, आणि क्रमाने रस्त्यावर थोड्या जातींच्या गाड्या बहुसंख्य झाल्या. मधल्या काळात मात्र जुना भाग टाकून नवा बसविणे ही चैन होती. जो भाग आहे तोच चालविणे हा धर्म होता.

पिनियनच्या बाबतीत हा धर्म पाळणे विशेष अवघड असते. क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात, आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. पिनियन आधी झिजतो म्हणून एकटा पिनियन बदलला, तर नवा दाता जुन्या, आपल्या जोडीदाराच्या आकाराने झिजलेल्या दात्यावर घासू लागतो. आवाज पहिल्यापेक्षा वाढतो आणि थोड्याच दिवसांत दोन्ही भाग निकामी होतात. टंचाईच्या काळात ह्या मोहास अनेक जण बळी पडले असतील, ह्यात नवल नाही. एस. टी.ने हा प्रश्न संस्थेच्या बळावर सोडविला. दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या. एकट्या मालमोटारीच्या मालकाला असा आधार नव्हता. त्याचा आधार रस्त्याकडेचे गॅरेज आणि तेथील मिस्त्री. म्हणून मिस्त्रीचे निदान अचूक असणे ही त्याच्या दृष्टीने संसाराची बाब होती.

आणि कधी कधी प्राणांचीही. माळशेजसारख्या घाटात माल भरलेली गाडी उतरते ती ब्रेकइतकीच इंजिनाच्या अडवणुकीवर. ही अडवणूक चाकापर्यंत पोहोचते ती पिनियनमधून. पिनियनचा दांडा तुटला तर गाडी इंजिनापासून सुटी होते. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ मालमोटारींत हातब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे, त्याच दांड्यावर असे. पिनियन गेला की तोही निरुपयोगी. उतारावर उरतो तो केवळ पायाचा ब्रेक, आणि तो तापलेला. सुप्याच्या सपाटीवर ज्या आवाजाकडे दुर्लक्ष केले, त्याची किंमत घाटात मोजावी लागते.

: ५ :

निदानाची पद्धत पाहता प्रथम लक्षात येते ती तिची तार्किक शिस्त. अनुभवी मिस्त्री आवाज ऐकल्याबरोबर हौसिंग उघडत नाही. तो प्रथम जे पिनियनचे नाही ते बाजूस काढतो. रस्ता बदलला की बदलणारा आवाज टायरचा. गाडी उभी असताना इंजिन फिरविले आणि आवाज तसाच राहिला तर तो मागील आसाचा नव्हे. निघताना एकदाच होणारा ठक् हा दांड्याच्या सांध्याचाही असू शकतो; गाडीखाली जाऊन दांडा हाताने हलविला म्हणजे खेळ कोठे आहे ते कळते. तेलाची पातळी पाहिली जाते, कारण तेलावाचून चांगली जोडीही ओरडते. पिनियनच्या तोंडाशी तेल पाझरत असेल तर सील बदलण्यापूर्वी हौसिंगवरील हवेचे छिद्र मातीने बुजले आहे काय ते पाहतात. कारण आत कोंडलेली गरम हवा नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. मूळ कारण तसेच ठेवून सील बदलणारा मिस्त्री महिन्याभरात तेच काम पुन्हा करतो.

ह्यानंतरची परीक्षा गाडी चालवून करावयाची. चालक व मिस्त्री ह्यांच्यात जे बोलणे होते त्याचा नमुना असा :

“आवाज केव्हा येतो?”

“रेस दिली की गुणगुणतं. पाय काढला की गप्प.”

किंवा,

“ओढताना काही नाही. उताराला सोडली की घरघरतं.”

किंवा,

“सरळ चालते. वळवली की खडखडते.”

ह्या तीन उत्तरांत तीन निरनिराळे दोष सांगितले गेले आहेत. प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात. इंजिन गाडीला ओढते तेव्हा एक बाजू काम करते. उतारावर गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा दुसरी. ओढतानाच येणारा सूर पहिल्या बाजूची जुळणी बिघडल्याचे दर्शवितो. सोडल्यावरच येणारा आवाज दुसऱ्या बाजूकडे, अथवा पिनियनच्या ढिल्या झालेल्या बेरिंगांकडे बोट दाखवितो. पिनियनचा नट सैल असेल तर ओढताना पिनियन बाहेर ढकलला जातो आणि सोडल्यावर आत खेचला जातो, आणि दाते कधीच एका जागी भेटत नाहीत. वळणावरच येणारा आवाज पिनियनचा नव्हेच. सरळ रस्त्यावर डिफरन्शियलमधील लहान चक्रे एकमेकांवर फिरत नाहीत, वळणावरच फिरतात. तेव्हा दोष त्यांचा. आणि ओढताना, सोडताना, सर्व काळ सारखी येणारी घरघर बहुधा बेरिंगाची.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकास ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. भार असता आवाज असतो हा अन्वय. भार नसता आवाज नसतो हा व्यतिरेक. दोन्ही मिळाल्यावाचून मिस्त्री अनुमान करीत नाही. ‘रेस दिली की’ आणि ‘पाय काढला की’ ही ‘की’ने जोडलेली दोन छोटी वाक्ये म्हणजे अन्वय-व्यतिरेकाचे बोलीतले रूप होय. ते कोणी शिकविलेले नाही. कामाने ते घडविले आहे.

‘घरघर’ ह्या शब्दाकडे मात्र स्वतंत्रपणे पाहावयास हवे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे पहिल्या मोटारीच्या आधीची. घरघर, खडखड, कुरकुर हे शब्द त्यात आहेत. म्हणजे यंत्र येण्यापूर्वी शब्द तयार होते. परंतु घरघर हा केवळ जात्याचा आवाज नव्हे. मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजालाही मराठीत घरघरच म्हणतात, आणि ‘घरघर लागणे’ ह्याचा अर्थ शेवट जवळ येणे असा आहे. बेरिंगाची घरघर ओळखणारा चालक ध्वनीच्या वर्णनाबरोबर त्याचे भाकीतही बोलून जातो. गुणगुण करणारी जोडी पुष्कळदा हजारो किलोमीटर चालते. ती सहन करता येते. घरघर लागलेले बेरिंग थांबत नाही. एका शब्दाने वर्णन झाले, आणि दुसऱ्याने निकाल. ‘क्राउन’, ‘पिनियन’, ‘बेरिंग’ ही नावे हा निकाल देऊ शकत नाहीत. ती केवळ जागा दाखवितात.

: ६ :

निदान झाल्यावर दुरुस्ती. तिचे मर्म तीन मापांत आहे. पिनियन क्राउनमध्ये किती खोल शिरला आहे हे पहिले. दोन दात्यांमधील मोकळीक किती हे दुसरे. आणि पिनियनच्या दोन निमुळत्या रोलर-बेरिंगांवर किती दाब आहे हे तिसरे. मोकळीक बहुधा मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. प्रत्येक आसासाठी ती कारखान्याने ठरवून दिलेली असते. पातळ पोलादी चकत्या, ज्यांना कामावर शिम म्हणतात, घालून वा काढून पिनियनची खोली साधावयाची. बेरिंगांवरील दाब कमी पडला तर पिनियन डुलतो. अधिक झाला तर बेरिंग तापून जळते. नट ‘अंगात जोर आहे तोवर’ आवळणारा हेल्पर ह्या शेवटच्या दोषाचा कर्ता असतो.

तिन्ही मापे साधली की नाही ह्याची परीक्षा डोळ्यांनी होते, आणि तिला एक विशेष साधन लागते. क्राउनच्या काही दात्यांवर तेलात कालवलेला रंग लावून पिनियन फिरवितात. दाते जेथे टेकतात तेथला रंग पुसला जातो आणि ठसा उमटतो. ह्या कामास जगभरच्या कार्यशाळांत रूढ असलेला एक रंग म्हणजे शिशाचे तांबडे भस्म, मराठीत शेंदूर. गावच्या मारुतीस व म्हसोबास चढणारा शेंदूर आणि क्राउनच्या दात्यावरचा शेंदूर हे रसायनदृष्ट्या एकच द्रव्य आहे. परक्या यंत्राच्या परीक्षेत भागाचे नाव परके आणि परीक्षेच्या द्रव्याचे नाव देशी, असा हा योग.

ठसा वाचणे ही एक लिपी वाचण्यासारखी क्रिया होय. ठसा दात्याच्या माथ्याशी आला तर पिनियन क्राउनपासून दूर राहिला आहे. त्यास आत घ्यावयाचे. ठसा दात्याच्या मुळाशी गेला तर तो फार खोल शिरला आहे; त्यास मागे आणावयाचे. ठसा क्राउनच्या आतल्या, अरुंद टोकाला सरकला असेल तर मोकळीक कमी. क्राउन दूर सारावयाचा. बाहेरच्या टोकाला सरकला असेल तर उलट. योग्य ठसा मध्यभागी, किंचित आतल्या टोकाकडे असतो. कारण भार आला म्हणजे तो पसरतो आणि बाहेरच्या टोकाकडे सरकतो. म्हणजे रिकाम्या गाडीत जो ठसा थोडा चुकलेला दिसतो तोच भरल्या गाडीत बरोबर ठरतो. पुढे येणाऱ्या भाराचा आज विचार करून आज थोडे कमी ठेवणे, हे ह्या विद्येचे सूक्ष्म अंग आहे, आणि नवशिक्याकडून नेमके तेच राहून जाते.

तेलाविषयीही एक दक्षता घ्यावी लागते. हायपॉइड जोडीत पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेला छेदत नाही. ती बाजूस सरकलेली असते. त्यामुळे दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. साधे तेल ह्या घर्षणाखाली फाटते. गंधक व फॉस्फरस ह्यांची संयुगे असलेले खास तेल दात्यांवर रासायनिक थर बसविते व त्यांना वाचविते. बैलगाडीच्या आसाला कोणतेही वंगण चालते ही जुनी समजूत ह्या आसाला लागू केली, तर चांगला पिनियन अल्पावधीत खरडला जातो. जुना शब्द नव्या वस्तूस लावल्याने जुनी कल्पनाही तिच्यासोबत येते, ह्याचे हे उदाहरण आहे. आणि ते भाषेच्या अभ्यासकाला सावध करणारे आहे.

: ७ :

वरील विवेचनावरून परिभाषेच्या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शास्त्रांच्या मराठी परिभाषेचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. ‘दंतचक्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकात रुळला. गॅरेजात मात्र गिअरच राहिला. ह्या तफावतीचा दोष कधी कोशकारांना, कधी कामगारांना दिला जातो. वस्तुतः वादाचे क्षेत्रच चुकीचे निवडले गेले. ‘पिनियन’ हा शब्द इंग्रजीतही परकाच आहे. तो फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ तटाच्या कंगोऱ्यात शोधावे की कंगव्याच्या दात्यांत, ह्याविषयी मतभेद आहेत. भागाचे नाव कोणत्याही भाषेतून आले तरी काम अडत नाही. मिस्त्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आला; आटे आणि दाते घरचे; वायसर इंग्रजीतला; आणि हे सर्व एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

काम अडते ते दोषाला नाव नसेल तर. आणि दोषांची ही नावे, गुणगुण, घरघर, खडखड, कुरकुर, ठक्, कोणत्याही तांत्रिक परिभाषेत संज्ञा म्हणून आली पाहिजेत. बोलीचे रंजक नमुने म्हणून त्यांची नोंद पुरेशी नव्हे. प्रत्येकीसोबत ती कोणत्या भारात, कोणत्या वेगाला, सरळ की वळणावर ऐकू येते हे लिहिले पाहिजे. तसे झाले नाही तर हे शब्द उरतील, पण त्यांतील भेद जाईल; आणि भेद गेला की सर्वच आवाज केवळ ‘आवाज’ होतात. मागील आस अखंड बदलून टाकण्याची पद्धत वाढत आहे, आणि तिच्याबरोबर हा धोका वाढतो. संपूर्ण जोडभागच बदलावयाचा असेल तर पिनियन की बेरिंग हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. प्रश्न उरला नाही की त्याच्या उत्तराचे शब्दही मावळतात. मालकाच्या खिशाला मात्र तो भेद आजही जाणवतो : एका बेरिंगाच्या जागी त्याला अख्ख्या जोडभागाचे मोल द्यावे लागते.

ह्या इतिहासाला अलीकडे आणखी एक टप्पा लाभला आहे. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीला ७४ वर्षे झाली त्या दिवशी, एस. टी.ची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी पुणे-अहमदनगर ह्याच मार्गावर सुरू झाली. विजेच्या वाहनांचे रचनाप्रकार अनेक आहेत. काहींत मोटर चाकाशीच असल्याने पिनियन व क्राउनची जोडी लागत नाही. काहींत मोटर मध्ये असून जुनाच काटकोन कायम आहे. परंतु दंतचक्रे ज्या ज्या रचनेत आहेत, तेथे इंजिनाचा गोंगाट नाहीसा झाल्यामुळे त्यांचा सूर पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. जो आवाज ओळखण्यासाठी जुन्या चालकास पाय उचलून कान द्यावा लागे, तो नव्या गाडीत प्रवाशालाही ऐकू येईल. त्याला काय म्हणावे हे सांगणारे शब्द सुप्याच्या रस्त्यावर पाऊणशे वर्षे वापरात आहेत. ते अर्थासह उतरवून ठेवण्याचे काम अद्याप करावयाचे आहे.